वाचकांचे प्रश्न : दाभोळ, जयगड आणि फेरीबोटीचा प्रवास

मागील अंकात कोकणच्या खाड्या गाडीसह फेरीबोटीने ओलांडण्याविषयी दोन पानांचा मजकूर प्रसिद्ध झाला होता. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी प्रवासाची आखणी विचारली आहे, काहींनी तक्रार मांडली आहे, तर धोपावे परिसरातून आलेल्या एका पत्राने मला स्वतःलाच पुन्हा विचार करायला लावले. बहुतेक प्रश्न दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन मार्गांचे आहेत, म्हणून उत्तरेही मुख्यतः तिथलीच आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जण, त्यांत माझे सत्तरीपुढचे आई-वडील, पुण्याहून स्वतःच्या गाडीने दापोलीला जाणार आहोत. तिथून गुहागर आणि पुढे गणपतीपुळे असा बेत आहे. फेरीबोटीने खरोखर अंतर वाचते का, की ती केवळ मौज आहे? आखणी कशी करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अंतर खरोखरच वाचते, आणि किती ते आपणच मोजून पाहा. दापोलीहून खेड साधारण २८ किलोमीटर, खेडहून चिपळूण ३० च्या आसपास आणि चिपळूणहून गुहागर ४४ किलोमीटर, म्हणजे रस्त्याने शंभरी सहज गाठली जाते. दापोलीहून थेट दाभोळला उतरलात, तर घाटवळणाचे २८ किलोमीटर, मग वाशिष्ठीच्या मुखावरची दहा-पंधरा मिनिटांची बोट आणि पलीकडे धोपाव्याहून गुहागरपर्यंत सुमारे वीस किलोमीटर एवढेच पडते. नकाशात दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत. आपल्या किनाऱ्यावर अशी समोरासमोरची गावे पुष्कळ आहेत, मात्र मध्ये खाडी असल्याने वर्षानुवर्षे त्यांच्या सोयरिकी जवळच्या आणि रस्ते लांबचे राहिले.

माझे आजोळ गुहागर तालुक्यात. लहानपणी आम्ही दाभोळपर्यंत एस.टी.ने यायचो, बोचकी आणि ट्रंका लाँचमध्ये चढवायचो आणि पलीकडे उतरून पुन्हा दुसऱ्या एस.टी.ची वाट पाहत बसायचो. ती चुकली, तर आजोबा बैलगाडी पाठवतील का याची चर्चा धक्क्यावरच चालायची. गाड्या वाहून नेणारी बोट इथे २००३ साली सुरू झाली, आणि दोन्ही तालुक्यांतल्या माणसांनी तेव्हापासूनचे वर्ष वेगळेच मोजले असे म्हटले तरी चालेल. पुढे हाच प्रकार बाणकोटच्या खाडीवर, राजपुरीच्या खाडीवर आणि जयगडलाही आला.

आता आखणी. दाभोळला सकाळी नऊच्या आत पोहोचावे. उन्हाळी सुट्टी, दिवाळी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांत दहा-अकरा वाजेपर्यंत मोटारींची रांग जेटीवरून गावच्या रस्त्यापर्यंत येते, आणि एका बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या जातात. तिकीट खिडकीवर मिळते. गाडीचे आणि माणसांचे तिकीट वेगळे असते, तेव्हा रोख आणि सुटे पैसे जवळ असू द्यावेत, कारण काठावर मोबाईलची रेंज येते-जाते. आपल्या आई-वडिलांना गाडी बोटीवर चढण्याआधीच खाली उतरवून पायी चढू द्यावे, कारण एकदा गाड्या दाटीने लागल्या की दार पुरेसे उघडत नाही आणि वयस्क माणसाला गाडीतच बसून राहावे लागते. रॅम्पवरून चढताना त्यांचा हात धरावा, तिथे पाण्याने लोखंड निसरडे झालेले असते. बोटीवरचा कर्मचारी हाताने जसा इशारा करतो तसेच गाडीवानाने करावे. गाडी उलटी घ्यायला सांगितली तर निमूटपणे उलटी घ्यावी. वजन दोन्ही बाजूंना सारखे पडावे म्हणून तो ती लावत असतो, आपली गाडी आधी उतरावी की नंतर हा त्याच्यापुढचा प्रश्नच नसतो. गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये, एवढे पाळावे.

गुहागरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळला यावे. तिथून शास्त्री नदीच्या मुखावरची बोट आपल्याला जयगडला सोडते, आणि जयगडहून मालगुंडमार्गे गणपतीपुळे वीसेक किलोमीटर राहते. तवसाळचा शेवटचा उतार अरुंद आहे, समोरून बोटीतून उतरलेल्या गाड्या एकदम येतात, तेव्हा तिथे घाई करू नये. वाटेत उशीर झाला आणि बोट मिळण्याची खात्री वाटेनाशी झाली, तर तवसाळला न उतरता आबलोलीकडून भातगावच्या पुलावरून शास्त्री ओलांडावी. तो रस्ता लांब आहे, पण रात्री जेटीवर अडकून पडण्यापेक्षा बरा. दोन्ही ठिकाणच्या शेवटच्या फेरीची वेळ ऋतूप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलते, ती निघण्याच्या दिवशी सकाळी फोनवर विचारूनच निघावे. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या वेळापत्रकावर विसंबून राहिलेली कुटुंबे मी अंधारात परत फिरताना पाहिली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एका खाडीवर बोटीतून उतरताना आमच्या नव्या गाडीचा पुढचा बंपर रॅम्पला घासून फाटला. कर्मचारी म्हणाले, "ओहोटी आहे, आम्ही काय करणार?" सकाळी त्याच जेटीवरून गाडी अगदी सहज चढली होती. ही टाळाटाळ समजावी काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले नुकसान झाले याचे मला वाईट वाटते. त्यांचे बोलणे तुटक होते, पण कारण मात्र त्यांनी खरे सांगितले. आपण दिलेला दिवस आणि वेळ पाहिली, तर त्या दिवसातली कदाचित सर्वांत अवघड वेळ आपल्या वाट्याला आली.

आपल्याकडचे दर्यावर्दी आणि कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी पाच-साडेपाचला, ओहोटी पूर्ण. बंदरागणिक यात थोडाफार फरक पडतो, तरी आखणीसाठी हा हिशेब पुरेसा आहे. दुसरी गोष्ट अशी की पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असते. त्या दिवसांत भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटीला पाणी सर्वांत खाली जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी या दोन पातळ्यांतला फरक माणसाच्या उंचीहून अधिक असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस येतात, तेव्हा पाण्याची चढउतार बरीच कमी असते.

आता हे बोटीवर लावून पाहा. जेटीचा उतार सिमेंटचा, तो हलत नाही. बोट पाण्याबरोबर वरखाली होते. भरतीला बोट उंच असते आणि तिचा लोखंडी रॅम्प जवळजवळ सपाट टेकतो, म्हणून सकाळी आपली गाडी सहज चढली. ओहोटीला बोट उताराच्या अगदी तळाशी जाऊन लागते. तिथे सिमेंटचा चढ, रॅम्पचा उतार आणि बोटीचा सपाट भाग यांच्या सांध्यात दोन कोन पडतात. लांब पुढचा भाग आणि कमी उंचीची गाडी असेल, तर चाके वर चढण्याआधी बंपरच जाऊन टेकतो. वडाप करणाऱ्या जीपला किंवा टेम्पोला त्याची तमा नसते. उताराचा हा खालचा पट्टा दिवसातून दोनदा पाण्याखाली जात असल्याने त्यावर शेवाळही धरते, म्हणून तिथे चाके फिरून घसरतात आणि गाडीवान घाबरून जोरात वेग देतो, त्याने धक्का आणखी मोठा बसतो.

उपाय साधे आहेत. माणसे आणि जड सामान उतरवून गाडी हलकी करावी, म्हणजे ती बोटभर तरी वर उचलली जाते. रॅम्पवर सरळ न जाता, कर्मचाऱ्यांनी जागा दिली तर, किंचित तिरकी न्यावी, म्हणजे एकेक चाक सांध्यावर चढते. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न दाबता, एकाच संथ वेगाने यावे. आणि गाडी फारच खाली असेल, तर तास-दीड तास थांबून पुढची फेरी घ्यावी. पाणी चढू लागले की तीच जेटी वेगळी वाटते.

तरीही एक गोष्ट मला संबंधितांना सांगावीशी वाटते. ओहोटीच्या वेळेला खिडकीशेजारी एक पाटी लावून "या वेळेत कमी उंचीच्या गाड्यांनी थांबावे" एवढे लिहिणे अवघड नाही. कित्येक जेटींवर सांध्यात टाकायच्या लाकडी फळ्या ठेवलेल्या असतात आणि कर्मचारी त्या आपणहून टाकतातही. हे नियमाने झाले, तर आपल्यासारख्यांना बंपरची किंमत मोजावी लागणार नाही.

प्रश्न : दाभोळकडे या बोटीला "जंगलजेटी" म्हणतात. खाडीत जंगल कुठून आले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे जंगल झाडाझुडपांचे नव्हे. पूर्वी दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर फळ्या टाकीत आणि त्या तराफ्यावरून गुरे, गाड्या, पुढे मोटारीही नदीपार नेत. अशा जोडणीला मराठीत "सांगड" हा जुना शब्द आहे; "सांगड घालणे" हा आपला रोजचा वाक्प्रचार त्यावरूनच आला. तराफ्याला पोर्तुगीज भाषेत "जंगादा" म्हणतात, आणि केरळात आजही वाहने नेणाऱ्या बोटीला "जंकार" म्हणतात. कोचीच्या बंदराच्या मुखावर फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामध्ये "सेतुसागर" नावाच्या दोन रो-रो (गाड्या थेट चढतील-उतरतील अशा) बोटी चालतात, त्यांचाही उल्लेख लोकांच्या तोंडी जंकार असाच असतो. आपले जंगल हे याच कुटुंबातले असावे असे मला वाटते. पश्चिम किनाऱ्यावरच्या खलाशांनी एकाच वस्तूचे नाव बंदरोबंदरी नेले आणि प्रत्येक भाषेने ते आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले.

प्रश्न : माझ्या आईला पाण्याची फार भीती वाटते. पावसाळ्यात जयगडची बोट सुरू असते असे ऐकले. ती घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आईच्या भीतीला हसू नये, तिला कारण आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली "रामदास" ही बोट पावसाळी समुद्रात उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावरच्या आणि घाटावरच्याही कित्येक घरांत ती आठवण अजून आहे. मात्र तो प्रवास उघड्या समुद्रातला होता. दाभोळ किंवा जयगडची बोट खाडीच्या मुखाच्या आतल्या बाजूने, दोन्ही काठ डोळ्यांसमोर ठेवून जाते. ती सपाट तळाची आणि रुंद असते, त्यामुळे डोलणे कमी. पावसाळ्यात या फेऱ्या एरवी चालू राहतात, पण वादळाचा इशारा असला, वारा वाढला किंवा मुखातून लाटा आत येऊ लागल्या, की थांबवल्या जातात, आणि थांबवल्या की हुज्जत घालू नये. जून ते ऑगस्टमध्ये जायचे असेल, तर रस्त्याचा पर्याय मनात धरूनच निघावे. आईला बोटीच्या मध्यभागी, गाड्यांपासून दूर, प्रवाशांच्या बाकावर बसवावे आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवले आहेत ते आधी पाहून घ्यावे. पहिल्यांदा जात असाल, तर मात्र पावसाळा सोडून हिवाळ्यातली सकाळ निवडा असे मी सांगेन. तेव्हा खाडी तेलासारखी संथ असते.

प्रश्न : सायकलने अलिबागहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याने जायचे आहे. किती ठिकाणी बोट लागेल आणि मुरुडच्या बाजूच्या बोटीतूनच जंजिरा पाहता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चार ठिकाणी. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. प्रत्येक जोडीतले पहिले गाव आपल्या काठावरचे आणि दुसरे पलीकडचे, असे लक्षात ठेवावे. सायकलला रांगेत थांबावे लागत नाही, हा तुमचा मोठा लाभ. आगरदांड्याच्या बोटीतून जंजिरा दुरून दिसतो, पण ती किल्ल्याला लागत नाही. किल्ला पाहायचा तर राजपुरीहून शिडाच्या होडीने वेगळे जावे लागते. बागमांडल्याला पोहोचण्याआधी हरिहरेश्वर लागते, तिथे मुक्काम करावा. वेशवीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला अगदी जवळ आहे आणि पुढे वेळास, केळशी हा साऱ्या रस्त्यातला सर्वांत सुंदर तुकडा आहे, तो घाईने संपवू नये.

प्रश्न : दाभोळला बोटीसाठी दोन तास थांबावे लागले. मुले कंटाळली. तिथे पाहण्यासारखे काही आहे का? आणि एन्रॉनचा वीजप्रकल्प दाभोळला कुठे आहे? आम्हाला सापडला नाही. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : प्रकल्प सापडला नाही, कारण तो दाभोळला नाहीच. दाभोळ पॉवर कंपनी हे नाव त्याला मिळाले असले, तरी तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, वेलदूर आणि अंजनवेलच्या हद्दीत उभा आहे. आता तिथे रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी आहे. जमीन आणि आंदोलनाचे दिवस ज्या गावांनी सोसले त्यांचे नाव बातम्यांत मागे राहिले, ही गोष्ट तिकडच्या लोकांना आजही लागते.

दाभोळला कंटाळण्याचे काहीच कारण नाही. जेटीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, अगदी पाण्याच्या काठाला, सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे. विजापूरच्या इमारतींची घडण ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा घुमट आणि मिनार पाहताच ओळख पटेल. सोलापूरकरांना तर विजापूर शेजारचेच. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात दख्खनच्या पठारावरचा माल या बंदरातून अरबस्तान आणि इराणकडे जात असे आणि तिकडचे घोडे इथे उतरत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० च्या दशकात भारतातून परत निघाला तो दाभोळहूनच. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांच्या आरमाराने, त्यांचा व्हाइसरॉय आल्मेइदा याच्या हुकुमाने, हे बंदर जाळले आणि माणसांची कत्तल केली. मुलांना हे सांगावे, आणि मग जेटीवर उभे राहून खाडीच्या मुखाकडे पाहायला सांगावे. ज्या बाजूने ती गलबते आत आली तीच ही बाजू. वेळ अधिक असेल, तर चंडिकादेवीचे गुहेतले मंदिर पाहावे. आत समईच्या उजेडात चाचपडतच जावे लागते, लहान मुले ते कधी विसरत नाहीत.

प्रश्न : मी धोपावे परिसरात राहते. गेली अनेक वर्षे नोकरीसाठी रोज बोटीने दाभोळला जाते. सुट्ट्यांच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांनी बोट इतकी भरते की आम्हा पायी माणसांना गाड्यांच्या फटीत उभे राहावे लागते. एकदा तर मासळीची पाटी घेतलेल्या बाईला "पुढच्या बोटीने ये" म्हणून खाली ठेवले. आता खाडीवर पूल होणार असे सांगतात. पूल झाला की बोट बंद होईल आणि आमचे काय होईल, हे कोणी बोलत नाही. आपल्या मासिकाने गाडीवाल्यांची सोय सांगितली, आमचीही सांगा. (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, आपले म्हणणे खरे आहे. मागील अंकातला मजकूर गाडीत बसलेल्या माणसाच्या नजरेने लिहिला होता, आणि ती उणीव मी मान्य करतो.

आपले पत्र आले त्या आठवड्यात मी मुद्दाम सकाळी पहिल्या बोटीला गेलो. पर्यटक त्या वेळी झोपलेले असतात, तेव्हा बोट कोणाची आहे ते दिसते. शाळेचा गणवेश घातलेली चार मुले, पाट्या डोक्यावरून उतरवून रॅम्पजवळच उकिडव्या बसलेल्या तीन मासळीवाल्या, डायलिसिससाठी निघालेला एक म्हातारा आणि त्याच्या हाताशी सून, दुधाच्या कॅनसकट मोटरसायकल, आणि सगळ्यांत शेवटी एक मोटार. एका पाटीतून बर्फाचे पाणी ठिबकत होते, ते लोखंडी डेकवरून ओघळून मोटारीच्या चाकाखाली जात होते, आणि गाडीवाला काच खाली करून पाटी सरकवायला सांगत होता. मासळीवालीने पाटी सरकवली नाही. ती म्हणाली, "दादा, मी रोज इथंच बसते." खलाशानेही तिचीच बाजू घेतली आणि गाडीवाल्याने काच वर केली. मला ते फार बरे वाटले.

वाहने आणि प्रवासी दोन्ही नेणाऱ्या बोटीत पायी प्रवाशाचा हक्क गाडीएवढाच आहे, किंबहुना आधीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार चिपळूणला वळसा घालून जाऊ शकते; पाटी घेतलेली बाई जाऊ शकत नाही. म्हणून सुट्ट्यांच्या दिवसांत पायी माणसे, दुचाकी आणि रुग्ण आधी चढवून मग उरलेल्या जागेत गाड्या घ्याव्यात, आणि डेकवर पायी प्रवाशांसाठी एक पट्टा रंगाने आखून तिथे गाडी लावू देऊ नये. गाड्या घेऊन येणाऱ्या आमच्या वाचकांनाही विनंती आहे की रांगेत उभे असताना स्थानिक माणूस बाजूने पुढे गेला, तर तो घुसखोरी करीत आहे असे समजू नये.

आता पुलाविषयी. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल बांधण्याचे ठरले आहे. पुलाला माझा विरोध नाही. रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन निघालेल्या रिक्षाला पूल हवाच. पण मोठ्या खाडीवरचा पूल खालून मचवे आणि जहाजे जावीत म्हणून उंच बांधावा लागतो, त्याचे रस्ते दोन्ही बाजूंनी दूरवरून चढत येतात, आणि तो बहुधा गावाच्या धक्क्यासमोर उतरत नाही. दाभोळच्या बाजारात जाणाऱ्या धोपाव्याच्या माणसाला आज जे अंतर बोटीने काही मिनिटांचे आहे, तेच पुलावरून बसने किंवा रिक्षाने कैक किलोमीटरचे होऊ शकते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचे अंतर पूल झाल्यावर वाढेल, असा हा उलटा प्रकार होण्याची भीती आपण बोलून दाखवली, आणि ती खोटी नाही.

यावर उपाय शेजारीच आहे. गोव्यात मांडवीवर पूल होऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी पणजी आणि बेतीमच्या दरम्यान सरकारची फेरीबोट अजून चालते, आणि तिच्यात पायी माणसाकडून पैसे घेत नाहीत. तिथल्या लोकांनी या बोटीचा उपयोग एकदा फार मोठा पाहिला आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. उत्तर आणि मध्य गोव्याचा तो मुख्य दुवा होता, आणि नवा पूल १९९२ मध्ये सुरू होईपर्यंतच्या काळात लोकांच्या मदतीला याच फेरीबोटी आल्या. पूल झाला म्हणून तेव्हा त्या भंगारात काढल्या असत्या, तर पणजीची काय अवस्था झाली असती याची कल्पना करा. आपल्याकडेही जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला वाशिष्ठीवरच्या पुलाचा भाग वाहून गेला आणि महामार्ग तुटला. तीच वाशिष्ठी पुढे आपल्या दारात समुद्राला मिळते.

आपण विचारता, करायचे काय. पूल पूर्ण होण्याची वाट पाहू नये. दोन्ही काठांच्या ग्रामसभांनी आताच ठराव करावा, त्यात दोन मागण्या स्वच्छ लिहाव्यात. पहिली, पूल सुरू झाल्यावर मोठी बोट परवडत नसेल तर निदान पायी प्रवासी आणि दुचाकीसाठी लहान बोट ठरलेल्या वेळांना चालू राहावी आणि तिच्या तुटीची भरपाई शासनाने करावी. दुसरी, जेटी, तिचा उतार आणि प्रवासी निवारा यांची देखभाल महाराष्ट्र सागरी मंडळाकडे कायम राहावी, कारण जेटी एकदा गाळात गेली की पुन्हा बोट आणणे कोणाच्याच हातात राहत नाही. ठरावाला रोज बोटीने जाणाऱ्या माणसांची मोजणी जोडावी. ही मोजणी आपण आणि आपल्यासोबतची माणसेच करू शकाल. एक आठवडा, पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत, किती विद्यार्थी, किती रुग्ण, किती मासळीवाल्या, किती नोकरदार, एवढे वहीत लिहायचे. आठवडा सुट्ट्यांचा नको, साधा निवडावा. ती वही आमच्याकडे पाठवलीत, तर पुढच्या एखाद्या अंकात आम्ही ती आकड्यांसह छापू.